एकट्या मुलांची पाठराखीण

१९ फेब्रुवारी १९३४ रोजी पॅलेस्टाईनमधील हैफा बंदराला 'मार्था वॉशिंग्टन' नावाची बोट लागली आणि तिच्यातून जर्मनीतील ४३ मुले-मुली उतरली. वयाने साधारण पंधरा ते सतरा वर्षांची. त्यांच्यापैकी कुणाचेही आईवडील बरोबर नव्हते. ते बर्लिनमध्ये आणि जर्मनीतल्या इतर शहरांत मागे राहिले होते, आणि आपणही लवकरच येऊ, अशी आशा त्यांतल्या बहुतेकांच्या मनात होती. मुलांच्या स्वागताला एक ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या बाई आल्या होत्या. त्यांचे वय होते त्र्याहत्तर. नाव हेन्रिएटा झोल्ड.

सासरी निघालेल्या नव्या नवरीबरोबर पाठराखीण पाठवण्याची आपल्याकडे रीत होती. नव्या घरात मुलगी बावरू नये, तिला मन मोकळे करायला आपले एक माणूस असावे, एवढाच त्यामागचा हेतू. हेन्रिएटा झोल्ड यांनी आयुष्याची अखेरची अकरा वर्षे हेच काम हजारो मुलांसाठी केले. इतिहासाच्या पुस्तकांत त्यांचे नाव येते ते मुख्यतः 'हदासा' या महिला संघटनेच्या संस्थापक म्हणून आणि जेरुसलेममधील रुग्णालयांच्या संदर्भात. परंतु मुलांना संकटातून बाहेर काढणे हे अर्धेच काम आहे आणि खरी कसोटी ती परक्या मुलखात उतरल्यावर सुरू होते, हे त्यांच्याइतके स्पष्टपणे ओळखणारे त्या काळात फार थोडे होते.

हेन्रिएटा यांचा जन्म २१ डिसेंबर १८६० रोजी अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात झाला. वडील बेंजामिन झोल्ड हे ज्यू धर्मगुरू, मूळचे हंगेरीचे. मुलीच्या जन्माच्या आदल्याच वर्षी ते पत्नीसह अमेरिकेत आले होते. म्हणजे परदेशात बिऱ्हाड मांडणे काय असते, हे हेन्रिएटा यांनी पाळण्यातच पाहिले म्हणायचे. घरात जर्मन भाषा, बाहेर इंग्रजी, आणि वडिलांच्या मांडीवर बसून शिकलेली हिब्रू. आठ बहिणींत त्या थोरल्या. त्यांतल्या पाचच मोठ्या झाल्या. मुलगा नसलेल्या विद्वान पित्याने आपले सारे ज्ञान या थोरल्या लेकीला दिले. १८७७ मध्ये शाळेचे शिक्षण पहिल्या क्रमांकाने पुरे करून त्या शिक्षिका झाल्या.

१८८१ मध्ये रशियाचा झार दुसरा अलेक्झांडर याची हत्या झाली आणि त्याचे निमित्त होऊन तिकडे ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. निर्वासितांच्या बोटी बाल्टिमोरच्या धक्क्याला लागू लागल्या. ही माणसे दिवसभर शिवणकामाच्या कारखान्यांत राबत, आणि इंग्रजी येत नसल्यामुळे मालक, घरमालक, दुकानदार अशा सगळ्यांकडून नाडली जात. १८८९ मध्ये हेन्रिएटा यांनी त्यांच्यासाठी रात्रशाळा काढली. तेथे इंग्रजी शिकवले जाई, त्याच्या जोडीला अमेरिकेचा इतिहास, जमाखर्च आणि शिवणकामही. दिवसा स्वतःची शाळा आणि रात्री ही शाळा, असा त्यांचा क्रम काही वर्षे चालला. पुढे १८९८ मध्ये शहराच्या शिक्षण खात्याने हे काम आपल्याकडे घेईपर्यंत पाच हजारांहून अधिक लोक तेथे शिकून गेले होते. त्यांत ज्यू होते तसे ख्रिस्तीही होते. अमेरिकेत नवागतांसाठी पुढे जे प्रौढ शिक्षणाचे वर्ग निघाले, त्यांच्या पूर्वसुरींत या शाळेची गणना होते.

१८९३ पासूनची तेवीस वर्षे त्यांनी एका ज्यू प्रकाशन संस्थेच्या सचिवपदावर काढली. भाषांतरे, संपादन, मुद्रितशोधन, वार्षिकांची जुळवाजुळव. बराचसा भार त्यांच्यावर आणि नाव बहुधा दुसऱ्याचे. याच काळात लुई गिन्झबर्ग या आपल्याहून तेरा वर्षांनी लहान असलेल्या पंडिताच्या ग्रंथाचे भाषांतर करता करता त्या त्याच्यात गुंतल्या. १९०८ मध्ये तो युरोपच्या प्रवासाहून परतला तो दुसऱ्या मुलीशी वाङ्‌निश्चय करूनच. हा घाव खोल होता. त्यांनी लग्न केले नाही, आणि आपल्याला मूल नाही ही सल त्यांनी कधी लपवलीही नाही. मन रमावे म्हणून १९०९ मध्ये आईबरोबर त्या युरोप आणि पॅलेस्टाईनच्या प्रवासाला गेल्या. तेथे मुलांचे माशांनी भरलेले, खुपरीने सुजलेले डोळे पाहून दोघीही हेलावल्या. त्या प्रवासातूनच १९१२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये 'हदासा'ची स्थापना झाली. दुसऱ्याच वर्षी दोन परिचारिका जेरुसलेमला रवाना झाल्या, १९१८ मध्ये डॉक्टर आणि परिचारिकांचे एक पथकच गेले आणि १९२० मध्ये त्याची व्यवस्था पाहण्यासाठी साठीच्या उंबरठ्यावरच्या हेन्रिएटा स्वतः तेथे जाऊन राहिल्या. पुढच्या दहा-बारा वर्षांत आरोग्य, शिक्षण आणि समाजकल्याण अशी खाती त्यांनी सांभाळली. १९३३ साल उजाडले तेव्हा त्यांना एकच इच्छा उरली होती. सगळे सोडून अमेरिकेला बहिणींकडे जावे आणि उरलेले दिवस स्वस्थपणे काढावेत.

ते घडायचे नव्हते. बर्लिनमध्ये रेखा फ्रायर नावाची एका धर्मगुरूची पत्नी राहत असे. (नाव आपल्या कानांना ओळखीचे वाटले तरी बाई जर्मन.) १९३२ मध्ये तिच्याकडे काही तरुण मुले गाऱ्हाणे घेऊन आली, ज्यू म्हणून त्यांना कामावरून काढून टाकले होते. हिटलर सत्तेवर यायला अद्याप अवकाश होता, तरी या बाईला पुढचे दिसले. या मुलांना पॅलेस्टाईनमधील सामुदायिक शेतीच्या वसाहतींत, म्हणजे किबुट्झमध्ये, पाठवावे आणि तेथे त्यांनी शिकता शिकता काम करावे, ही कल्पना तिची. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बारा मुलांची पहिली तुकडी तिने बेन शेमेन येथील बालग्रामाकडे रवानाही केली. याच कामाला पुढे 'युथ अलिया' हे नाव मिळाले.

आणि इथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. फ्रायरबाईंनी मदतीसाठी प्रथम विचारले तेव्हा हेन्रिएटा झोल्ड यांनी नकार दिला होता. पॅलेस्टाईनमधल्याच कितीतरी मुलांना शाळा नाही, दवाखाना नाही, अशा वेळी परदेशातून आणखी मुले आणून ठेवायची कुठे, हा त्यांचा प्रश्न होता. तो अगदीच गैरलागू नव्हता. १९३३ मध्ये नाझी राजवट आली, ज्यू मुलांना शाळेत बसणे अशक्य होऊ लागले आणि त्यांचा नकार गळून पडला. त्या वर्षाच्या अखेरीस जेरुसलेममधून या कामाची सूत्रे त्यांनी हाती घेतली.

ब्रिटिश सरकारकडून प्रत्येक मुलासाठी प्रवेशाचा दाखला मिळवावा लागे. दाखले मोजके. मूल ठरावीक वयाचे हवे आणि त्याच्या दोन वर्षांच्या निर्वाहाची हमी आधी द्यायची, अशी अट. १९३५ पासून अमेरिकेत या निधीची जबाबदारी 'हदासा'ने उचलली. जर्मनीत मुलांची निवड होई. काही आठवडे त्यांना तयारीच्या शिबिरात ठेवत, वैद्यकीय तपासणी करत, आणि शेतीचे कष्ट झेपतील अशीच मुले पुढे पाठवत. निवड म्हटली की कुणीतरी मागे राहणार. शांततेच्या काळात अशी चाळणी लावण्यात वावगे काही नाही. पण त्या काळात मागे राहण्याचा अर्थ काय होता, हे आज आपल्याला ठाऊक आहे.

मुले येऊन पोचल्यावरच्या व्यवस्थेत मात्र हेन्रिएटा यांच्या स्वभावाचा ठसा स्पष्ट दिसतो. सुमारे तीस मुलांचा एक गट, त्याच्याबरोबर एक मार्गदर्शक, आणि घरासारखे लक्ष ठेवायला एक गृहमाता. मार्गदर्शकाला हिब्रूत 'माद्रिख' म्हणतात. वाट दाखवणारा, असाच त्याचा अर्थ. हे मार्गदर्शक शक्यतो तरुण असत आणि त्यांतले कित्येक स्वतः काही वर्षांपूर्वीच जर्मनीतून आलेले. मुलांचे जर्मन त्यांना कळे आणि मुलांची चिडचिडही. अर्धा दिवस शेतात, गोठ्यात किंवा स्वयंपाकघरात काम. अर्धा दिवस हिब्रू, इतिहास आणि विज्ञानाचा अभ्यास. असा दोन वर्षांचा क्रम. दोन वर्षांनी मुलांनी आपल्या पायावर उभे राहायचे, जमल्यास गटाने मिळून नवी वसाहत वसवायची. १९३८ मध्ये स्थापन झालेली अलोनिम ही वसाहत अशाच मुलांची.

कागदावर हे सारे सोपे दिसते. प्रत्यक्षात ही शहरी, मध्यमवर्गीय घरांतली मुले. कुणी व्हायोलिन शिकणारे, कुणी डॉक्टर व्हायची स्वप्ने पाहणारे. त्यांच्या हाती कुदळ आली, डोक्यावर रणरणते ऊन, आणि बोलायला अशी भाषा की जिची अक्षरेही उजवीकडून डावीकडे जातात. सगळ्यांनाच शेती मानवली नाही. वसाहतीतल्या लोकांनाही मुले हवी होती, पण त्यात कामाला दोन हात मिळतात हा हिशेबही असे. हेन्रिएटा यांनी हा हिशेब कधी मान्य केला नाही. अभ्यासाचे तास कमी करून मुलांना शेतात पाठवल्याचे कळले की वसाहतीच्या प्रमुखाला जाब द्यावा लागे. मुले येण्याआधी त्या जागा स्वतः पाहत. खोल्या किती, न्हाणीघर कसे, वाचायला बसण्याची सोय आहे की नाही, आजारी मुलाला वेगळे ठेवता येईल काय. सत्तरी ओलांडलेली ही बाई कच्च्या रस्त्यांवरून तासन्‌तास प्रवास करून येई आणि भाषण न करता थेट मोरी पाहायला जाई, याचे तरुण कार्यकर्त्यांना हसूही येई आणि धाकही वाटे.

पहाटे, इतरांच्या उठण्याआधी, त्यांचे टेबलावरचे काम सुरू होई. मुलांची कागदपत्रे, मार्गदर्शकांचे अहवाल, पालकांची पत्रे. १९३५ पासून त्यांच्या मदतीला हान्स बाइथ हा जर्मनीतून आलेला, पूर्वी बँकेत काम केलेला तरुण होता. मुलांत मिसळणे, त्यांच्याशी थट्टामस्करी करणे हे त्याला सहज जमे. हेन्रिएटा यांच्या काहीशा करड्या वागण्याला त्याची जोड मिळाली. त्या स्वतः मुलांच्या आजीसारख्या लाघवी होत्या, असे मानायचे कारण नाही. त्या शिस्तीच्या होत्या, चिकट होत्या, हाताखालच्या माणसांना थकवणाऱ्या होत्या. पण हजारोंच्या कामात एकेका मुलाची वेगळी नोंद ठेवण्याचा त्यांचा आग्रह केवळ कारकुनी नव्हता. या मुलाची आई कुठे आहे, तिला याचे शेवटचे पत्र कधी गेले, याला कशाची आवड आहे, हे कुणालातरी ठाऊक असलेच पाहिजे, ही त्यांची धारणा होती. घरी असताना हे आपोआप कुणालातरी ठाऊक असते. एकट्याने देशांतर केलेल्या मुलाचे पहिले नुकसान होते ते नेमके हेच.

१९३५ मध्ये त्या स्वतः बर्लिनला गेल्या आणि पालकांना भेटल्या. आपली मुले ज्यांच्या स्वाधीन करायची त्या बाईला पाहून घेण्याची ती त्या आईबापांना संधी होती. पुढे नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीभर ज्यूंची प्रार्थनामंदिरे जाळली गेली, तेव्हा दहा हजार मुलांना पॅलेस्टाईनमध्ये येऊ द्यावे, अशी मागणी ज्यू संघटनांनी ब्रिटनकडे केली. ती मान्य झाली नाही. मात्र साधारण तितकीच मुले नंतर खुद्द ब्रिटनमध्ये घेतली गेली. युद्ध पेटेपर्यंत 'युथ अलिया'मार्फत सुमारे पाच हजार मुले पॅलेस्टाईनला पोचली होती.

युद्धाबरोबर टपाल थांबले. रेडक्रॉसमार्फत पंचवीस शब्दांचा निरोप तेवढा पाठवता येई, तोही महिनोन्‌महिने वाटेत अडके. मुले त्या कागदाची वाट पाहत आणि १९४२ नंतर बहुतेकांना तोही येईनासा झाला. शेतात राबणाऱ्या, हिब्रूत गाणी म्हणणाऱ्या, वरकरणी रुळलेल्या सोळा वर्षांच्या मुलाला रात्री काय वाटत असेल, याचे उत्तर कुठल्याही व्यवस्थेजवळ नव्हते. गटातली इतर मुले आणि तो मार्गदर्शक, एवढाच काय तो आधार होता.

फेब्रुवारी १९४३ मध्ये आली ती 'तेहरानची मुले'. पोलंडमधून पळालेल्या ज्यू कुटुंबांची ही मुले सोव्हिएत रशियात भटकली, कित्येकांचे आईबाप भुकेने किंवा तापाने तेथेच गेले, आणि १९४२ मध्ये पोलिश सैन्याबरोबर ती इराणला पोचली. याच वाटेने इराणला आलेल्या पोलिश निर्वासितांपैकी काहीजण पुढे जामनगरजवळील बालाचडी येथे आणि कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत येऊन राहिले, हे मराठी वाचकांना माहीत असेल. ज्यू मुलांना इराकने आपल्या भूमीतून जाऊ दिले नाही. म्हणून त्यांना बोटीने कराचीला, तेथून सुएझला आणि मग रेल्वेने पॅलेस्टाईनला आणण्यात आले. १८ फेब्रुवारीला सातशेहून अधिक मुले अथलित येथील छावणीत उतरली. ८२ वर्षांच्या हेन्रिएटा तेथे हजर होत्या.

ही मुले १९३४ च्या मुलांसारखी नव्हती. ती उशीखाली पाव लपवून ठेवत, कारण उद्या पाव मिळेल यावर त्यांचा विश्वास उरला नव्हता. मोठ्या माणसांवर तर नव्हताच. अशा वेळी भोवतालच्या समाजाने काय केले असेल? ही मुले सनातनी संस्थांकडे द्यायची की धर्म न पाळणाऱ्या वसाहतींकडे, यावर रणकंदन माजवले. वृत्तपत्रांतून, सभांतून हेन्रिएटा यांच्यावर दोन्ही बाजूंनी झोड उठली. त्या स्वतः आयुष्यभर आचारधर्म पाळणाऱ्या होत्या, त्यामुळे मुलांचा धर्म बुडवल्याचा आरोप त्यांच्या विशेष जिव्हारी लागला असणार. शेवटी तोडगा निघाला तो असा की, प्रत्येक मुलाशी बोलून त्याच्या घरचे वळण कसे होते ते समजून घ्यावे, आणि चौदा वर्षांवरील मुलांना स्वतः निवड करू द्यावी. मुलाला विचारा, हा तोडगा भांडणाऱ्यांपैकी कुणालाच फारसा रुचला नाही.

त्यांच्या चरित्रातली एक बाजू झाकून ठेवता येण्यासारखी नाही. रेखा फ्रायर १९४० पर्यंत जर्मनीत राहिल्या आणि नियमांची पर्वा न करता मिळेल त्या वाटेने मुलांना बाहेर काढत राहिल्या. अखेर युगोस्लाव्हियामार्गे, स्वतःच्या मुलीला घेऊन आणि आणखी अनेक मुलांच्या सुटकेची वाट मोकळी करून त्या १९४१ मध्ये जेरुसलेमला पोचल्या. ज्या संस्थेची कल्पना त्यांची, तिच्यात त्यांना काम मिळाले नाही. हेन्रिएटा झोल्ड यांनीच ते दिले नाही. कायद्याच्या चौकटीत, दाखले मोजून, हमी भरून काम करणारी एक. आणि घर पेटले असताना दाराला कुलूप कुणाचे हे न पाहणारी दुसरी. दोघींचे जमणे कठीणच होते. तरीही हा अन्याय होता, आणि तो लवकर निस्तरला गेला नाही. १९८१ मध्ये इस्रायलने फ्रायरबाईंना आपला सर्वोच्च नागरी सन्मान दिला. तेव्हा त्या नव्वदीच्या घरात होत्या.

दुसरा प्रश्न त्या भूमीचा. मुले जेथे रुजवली जात होती, तेथे अरब समाज पूर्वीपासून नांदत होता आणि या वाढत्या स्थलांतराला त्याचा तीव्र विरोध होता. १९३६ ते १९३९ या काळात त्याने उठावही केला. हेन्रिएटा यांना हा प्रश्न दिसत होता. अरब आणि ज्यू या दोहोंचे मिळून एक राज्य असावे, असे मानणाऱ्या ज्यूडा मॅग्नस आणि मार्टिन बुबर यांच्या 'इहुद' या गटात १९४२ मध्ये त्या सामील झाल्या आणि त्यासाठी स्वकीयांची टीका सोसली. त्यांचे मत अल्पमतातच राहिले. १९४८ मध्ये सात लाखांहून अधिक पॅलेस्टिनी अरब बेघर झाले, त्यांतही असंख्य मुले होती. ते पाहायला त्या नव्हत्या.

१३ फेब्रुवारी १९४५ रोजी, जेरुसलेमच्या स्कोपस टेकडीवरील हदासाच्या रुग्णालयात, वयाच्या ८४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. ज्यू धर्मात मृताच्या नावे 'कद्दिश' ही प्रार्थना म्हणण्याचा मान परंपरेने मुलाचा. १९१६ मध्ये आई वारली तेव्हा एका स्नेह्याने ती म्हणण्याची तयारी दाखवली होती. हेन्रिएटा यांनी ती नम्रपणे नाकारून मुलीचा हक्क स्वतःकडे ठेवला होता. त्यांच्या स्वतःच्या अंत्यविधीत ही प्रार्थना तेहरानहून आलेल्या मुलांपैकी एका पोराने म्हटली.

हान्स बाइथ यांनी काम पुढे चालवले. डिसेंबर १९४७ मध्ये जेरुसलेमच्या रस्त्यावर झालेल्या हल्ल्यात ते मारले गेले. हेन्रिएटा यांच्या पुण्यतिथीचा, म्हणजे ज्यू पंचांगातील शेवात महिन्याच्या ३० तारखेचा, दिवस इस्रायलमध्ये मातृदिन म्हणून पाळला जाऊ लागला आणि पुढे त्याचा कुटुंबदिन झाला. ऑलिव्ह पर्वतावरील त्यांची कबर १९४८ नंतर जॉर्डनच्या ताब्यातील भागात गेली आणि तिच्यावरून रस्ता काढला गेला. १९६७ नंतर ती जागा शोधून तेथे नवी शिला बसवण्यात आली.